खाली ओढणाऱ्या बोटाचा मालक

मोबाइलच्या पडद्यावरची यादी अगदी वरपर्यंत सरकवायची, बोट न उचलता ती आणखी थोडी खाली ओढायची आणि सोडून द्यायची. वर एक छोटे चक्र फिरते, यादी उसळी मारून जागेवर येते आणि नवी पत्रे, नव्या बातम्या, नवे निरोप दिसू लागतात. ही कृती आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल, हे ध्यानातही येत नाही. ती सुचली लॉरेन ब्रिक्टर या तरुण प्रोग्रामरला, आयफोनसाठी त्याने केलेल्या ‘ट्वीटी’ नावाच्या अ‍ॅपमध्ये. २०१० मध्ये ट्विटरने ते अ‍ॅप विकत घेतले, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल झाला आणि मे २०१३ मध्ये यादी ओढून ताजी करण्याच्या या कृतीचे पेटंट मंजूर झाले. कागदोपत्री पाहिले तर अमेरिकेत अशी सोय देणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपवाल्याला ट्विटरच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागली असती. तसे झाले नाही. वर्षभर आधी, एप्रिल २०१२ मध्ये, ट्विटरने आपल्या अभियंत्यांसाठी एक वेगळाच करार जाहीर केला होता. तुमच्या शोधाचे पेटंट कंपनीच्या नावावर राहील, पण तुमच्या संमतीवाचून ते घेऊन आम्ही कोणावर चालून जाणार नाही, कोणी आमच्यावर चालून आले तर बचावासाठी तेवढे वापरू, असा त्याचा आशय होता.

एखादी कंपनी हाती आलेले हत्यार आपणहून म्यान करते, ते का, हे समजून घ्यायचे तर तिच्यात पैसे घालणाऱ्यांकडे पाहावे लागते. न्यू यॉर्कची युनियन स्क्वेअर व्हेंचर्स ही ट्विटरच्या अगदी सुरुवातीच्या गुंतवणूकदारांपैकी एक. फ्रेड विल्सन आणि ब्रॅड बर्नहम यांनी ती २००३ मध्ये उभी केली. टम्बलर, एट्सी, फोरस्क्वेअर, किकस्टार्टर अशा लोकांच्या रोजच्या वापरातल्या सेवांमध्ये तिने पैसे घातले. विल्सन यांचे शिक्षण एमआयटीतले, यांत्रिकी अभियांत्रिकीचे, पुढे व्हार्टनमध्ये व्यवस्थापनाचे. त्यांचा धंदा नव्या कंपनीचा हिस्सा घ्यायचा आणि ती मोठी झाली की तो विकायचा. अशा माणसाला मक्तेदारी प्रिय असावी, पेटंटांचा गठ्ठा असलेली कंपनी दिसली की त्याचे डोळे चमकावेत, असे आपण धरून चालतो. विल्सन यांनी मात्र वर्षानुवर्षे उघडपणे मांडलेले मत उलट आहे. सॉफ्टवेअरला पेटंट असूच नये, तो नवनिर्मितीवर बसवलेला कर आहे आणि सॉफ्टवेअरचे नाते यंत्रापेक्षा संगीताशी, लेखनाशी जास्त जवळचे आहे, असे ते म्हणत आले आहेत. कोलोरॅडोतल्या बोल्डरचे गुंतवणूकदार ब्रॅड फेल्ड यांचीही हीच भूमिका. टेक्सासचे मार्क क्यूबन तर आणखी पुढे गेले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेला त्यांनी २०१२ मध्ये अडीच लाख डॉलर दिले आणि मूर्ख पेटंटे नाहीशी करण्यासाठी तिथे आपल्या नावाचे एक पदच निर्माण करवले.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बर्नहम यांनी २०१० मध्ये विचारलेला एक साधा प्रश्न. त्यांच्या संस्थेने पैसे घातलेल्या कंपन्यांपैकी जवळपास एक तृतीयांश कंपन्यांवर त्या वेळी पेटंटवाल्यांचे हल्ले चालू होते. बर्नहम यांनी विचारले, एक तृतीयांश कंपन्यांतल्या अभियंत्यांनी दुसऱ्याचे तंत्रज्ञान चोरले, असे खरेच घडले असेल का? त्यांचे उत्तर होते, नाही. या मुलांनी आपापले प्रश्न आपापल्या डोक्याने सोडवले होते. ज्या पेटंटांचा भंग केल्याचा आरोप होता ती त्यांनी वाचलेली नव्हती, ज्यांनी आरोप केला त्यांची नावेही ऐकलेली नव्हती. या प्रश्नात सॉफ्टवेअर पेटंटांचे खरे दुखणे सापडते. वादी प्रतिवादीला चोर ठरवू पाहतो आणि प्रतिवादीने चोरलेले काहीच नसते. कायद्याला ते विचारायचेही नसते.

ते विचारायचे का नसते, हे नीट पाहायला हवे, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. कॉपीराइट मजकुराचे रक्षण करतो. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने उचलून आपल्या नावावर खपवला तर कॉपीराइट आडवा येतो. पण दुसऱ्याने तेच काम करणारा प्रोग्राम स्वतः, पहिल्या ओळीपासून लिहिला, तर कॉपीराइटची हरकत नसते. पेटंट, ज्याला आपल्या सरकारी मराठीत एकस्व म्हणतात, ते मजकुराच्या पलीकडे जाऊन पद्धतीवरच मालकी देते. ती तुम्ही कुठून घेतली, पाहून केली की आपल्या बुद्धीने काढली, याला बचाव म्हणून काही किंमत नाही. एका घरी कोणी आमटीत चिंचेऐवजी आमसूल घालून पाहिले आणि दहा गावे पलीकडे दुसऱ्या कोणी चिंच संपली म्हणून तेच केले, तर एकीचे पुस्तक दुसरीने चोरले असे आपण म्हणणार नाही. पेटंटाच्या नजरेतून पाहिले तर जिने आधी अर्ज केला तिची आमटी, आणि दुसरीने पुढची २० वर्षे तिला विचारून आमसूल घालायचे. स्वयंपाकघरासाठी हास्यास्पद वाटणारा हा नियम सॉफ्टवेअरमध्ये रोज लागू होतो, आणि प्रोग्राम लिहिणे हे काम पुष्कळसे स्वयंपाकासारखेच आहे. हाताशी तेच जिन्नस, भूक तीच, म्हणून उत्तरेही एकमेकांसारखी येतात.

या समांतर सुचण्याचा पुरावा पेटंट कार्यालयाच्या दप्तरातच आहे. चित्रे आणि मजकूर कमी जागेत साठवण्याची एक पद्धत आहे. पुन्हा पुन्हा येणारे तुकडे हेरायचे, त्यांची चालती यादी करत जायचे आणि पुढे तोच तुकडा आला की त्याऐवजी यादीतला त्याचा क्रमांक लिहायचा. आब्राहम लेंपेल आणि जेकब झिव या दोन इस्रायली संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर टेरी वेल्च यांनी ती बेतली, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एलझेडडब्ल्यू म्हणतात. वेल्च स्पेरी या कंपनीत होते आणि तिने २० जून १९८३ रोजी पेटंटचा अर्ज केला. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, १ जून १९८३ रोजी, आयबीएममधल्या दोन संशोधकांच्या नावाने दुसरा अर्ज दाखल झालेला होता. पद्धत तत्त्वतः तीच. पेटंट कार्यालयाने दोन्ही अर्ज मंजूर केले. ज्यांचे काम नवे काय आणि जुने काय हे पारखणे, त्या तज्ज्ञांनाही एकच गोष्ट दोनदा आपल्या टेबलावरून गेली हे ओळखता आले नाही. मग एखाद्या खोलीत तीन मित्रांनी काढलेल्या कंपनीने असली लाखो पेटंटे वाचून, त्यांतली आपल्याला कोणती लागू पडतात हे ताडून मग काम सुरू करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

या पद्धतीची पुढची कथा अधिक बोलकी आहे. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने चित्रांसाठी जीआयएफ नावाचा साचा तयार केला आणि त्यात छापील लेखातून माहीत झालेली वेल्च यांची पद्धत वापरली. तिचे पेटंट आहे याची कॉम्प्युसर्व्हला कल्पना नव्हती. सात वर्षे जगभरच्या लोकांनी हा साचा मोकळेपणाने वापरला, नुकत्याच उघडू लागलेल्या वेबची पाने त्यावर रंगली. स्पेरी एव्हाना युनिसिस झाली होती. डिसेंबर १९९४ मध्ये युनिसिसच्या हक्काची गोष्ट जाहीर झाली आणि जीआयएफ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना परवाना घेणे आले. हा सगळा व्यवहार कायदेशीर होता, हे लक्षात घ्यावे. त्यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी जे केले ते मात्र विलक्षण होते. काही आठवड्यांत त्यांनी एकमेकांशी पत्रव्यवहार करून पेटंटापासून मुक्त असा नवा साचा आखायला घेतला आणि १९९५ मध्येच पीएनजी जन्माला आला. मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र घेतले की बहुधा त्याच साच्यात साठवले जाते. तो अधिक रंग दाखवतो, पारदर्शकता नीट सांभाळतो. पेटंटाचे समर्थक म्हणतील, पाहा, अडथळा आला म्हणूनच सुधारणा झाली. पण ज्यांनी सुधारणा केली त्यांना तिचे पेटंट नको होते. युनिसिसचे अमेरिकी पेटंट २० जून २००३ रोजी संपले. तोवर त्या पद्धतीतून शिकण्यासारखे जे होते ते लोक जवळपास वीस वर्षांपूर्वीच एका मासिकातल्या लेखातून शिकून बसले होते.

पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली विद्या जगासमोर मांडायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ एकट्याचा हक्क द्यायचा. औषधाच्या बाबतीत हा सौदा समजण्यासारखा आहे. एक रेणू शोधून, प्राण्यांवर आणि माणसांवर तपासून बाजारात आणायला दहा-दहा वर्षे जातात, अमाप पैसा जातो, आणि नक्कल करणाऱ्याला तो रेणू बनवणे तुलनेने सोपे असते. सॉफ्टवेअरमध्ये सौद्याच्या दोन्ही बाजू ढिल्या आहेत. पेटंटाच्या दस्तऐवजात प्रोग्राम दिलेला नसतो. वकिलाच्या भाषेतली, जाणूनबुजून पसरट ठेवलेली वर्णने असतात, आणि ती वाचून कोणी प्रोग्राम लिहायला शिकल्याचे ऐकिवात नाही. त्यातून भंग मुद्दाम केला असे ठरले तर नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते, म्हणून पेटंटे वाचूच नका असा सल्ला अभियंत्यांना देण्याची रीत पडली आहे. जो दस्तऐवज लोकांना शिकवण्यासाठी लिहून घेतला, तो न वाचण्यातच शहाणपण ठरत असेल, तर समाजाने २० वर्षांचा हक्क कशाच्या बदल्यात दिला? अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांच्याकडे एका क्लिकमध्ये खरेदी करण्याचे गाजलेले पेटंट होते आणि त्यावरून १९९९ मध्ये बार्न्स अँड नोबलवर दावाही ठोकला गेला होता. त्याच बेझोस यांनी २००० मध्ये सुचवले की अशा पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षेच असावी. त्यांचे स्वतःचे पेटंट मात्र पूर्ण मुदत जगून २०१७ मध्ये संपले.

आता कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडून एका कचेरीत जाऊ. कोपऱ्यात कागद वाचणारे यंत्र आहे. त्यावर कागद ठेवायचा, बटण दाबायचे, कागदाची पीडीएफ होते आणि थेट ईमेलने रवाना होते. २०१२-१३ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक छोट्या व्यावसायिकांना पत्रे आली की हे असे करणे म्हणजे आमच्या पेटंटांचा भंग आहे, परवाना घ्या. दर माणशी साधारण १,००० ते १,२०० डॉलर. दहा माणसांची कचेरी असेल तर दहा-बारा हजार डॉलर. पत्रे चित्रविचित्र सहा अक्षरी नावांच्या कंपन्यांकडून येत आणि त्या सगळ्यांच्या मागे एमपीएचजे नावाची एकच कंपनी होती. यंत्र बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे न जाता ते विकत घेऊन वापरणाऱ्यांना गाठायचे, अशी ही युक्ती. व्हर्माँट राज्यात असे पत्र बौद्धिक वाढ अपुरी राहिलेल्या लोकांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या एका धर्मादाय संस्थेलाही आले. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने मे २०१३ मध्ये ग्राहकफसवणुकीच्या कायद्याखाली दावा लावला आणि त्याच महिन्यात व्हर्माँटने खोट्या हेतूने केलेल्या पेटंट-धमक्यांविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. पुढे केंद्रीय व्यापार आयोगाने चौकशी केली तेव्हा दिसले की दोन आठवड्यांत खटला भरू अशी धमकी देणाऱ्यांनी पत्र मिळालेल्यांपैकी कोणावरही खटला भरलेला नव्हता. २०१४ मध्ये तडजोड होऊन त्यांना अशा फसव्या विधानांना मनाई झाली.

पत्रात खोटे लिहिले म्हणून एमपीएचजे पकडली गेली. ज्यांनी खोटे लिहिले नाही त्यांचा धंदा कायदेशीरपणे चालत राहिला, आणि तो का चालतो याचे उत्तर अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेत आहे. तिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वकिलीचा खर्च द्यावा असा सर्वसाधारण नियम नाही. पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढायचा तर खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. मागणी पन्नास हजारांची असेल तर निर्दोष माणसालाही लढण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे स्वस्त पडते. २०११ मध्ये लॉडसिस नावाच्या कंपनीने आयफोनसाठी छोटी अ‍ॅप लिहिणाऱ्यांना पत्रे धाडली. अ‍ॅपच्या आतून पूर्ण आवृत्ती विकत घेण्याचे जे बटण असते त्यावर तिचा दावा होता आणि मागणी होती अमेरिकेतल्या उत्पन्नाच्या ०.५७५ टक्क्यांची. मागणी लढण्याच्या लायकीची वाटू नये, इतकी लहान. पत्र मिळालेल्यांत स्कॉटलंडमध्ये बसून कॅल्क्युलेटरचे अ‍ॅप करणारा एक प्रोग्रामरही होता. युरोपातल्या काही प्रोग्रामरांनी भीतीपोटी आपली अ‍ॅप अमेरिकेच्या दुकानातून काढून घेतली. मुद्दा दूरच्या देशाचा वाटतो, पण अमेरिकी ग्राहकाला अ‍ॅप विकणारा पुण्याचा किंवा नाशिकचा प्रोग्रामर या बाबतीत स्कॉटलंडच्या त्या माणसाच्याच जागी उभा आहे. ज्या बाजारात विकायचे तिथला कायदा लागू होतो.

खटले कुठे चालले हेही पाहण्यासारखे आहे. पूर्व टेक्सासमधले मार्शल हे पंचवीस हजारांच्या आतले गाव. तिथले न्यायालय पेटंटवाल्यांना सोयीचे अशी त्याची ख्याती झाली, आणि २०१५ मध्ये देशातल्या पेटंट दाव्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक दावे पूर्व टेक्सासच्या त्या एका न्यायालयीन जिल्ह्यात दाखल झाले. तिथे वारंवार उभे राहावे लागणाऱ्या सॅमसंगने मार्शलच्या न्यायालयासमोरच हिवाळ्यातले बर्फावरचे घसरण्याचे मैदान प्रायोजित केले होते. ज्या गावातून ज्यूरीची माणसे निवडली जातात त्या गावात आपले नाव चांगले असावे म्हणून एका कोरियन कंपनीला बर्फ गोठवावे लागते, तेव्हा न्याय आणि शोध यांचे नाते कुठेतरी सैल झालेले असते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा कुठे लावता येईल यावर बंधने घातल्यावर हा ओघ ओसरला.

आक्षेपांकडे आता वळायलाच हवे, आणि पहिला आक्षेप गुंतवणूकदारांवरच आहे. विल्सन, फेल्ड, क्यूबन यांचे पैसे नव्या कंपन्यांत आहेत, जुन्यांच्या पेटंटांचा त्यांना त्रास होतो, म्हणून ते पेटंट नको म्हणतात. यात तथ्य आहे. पण हितसंबंधाने माणसाला जे दिसते ते खोटेच असते असे नाही. शिवाय त्यांचे हित दुसऱ्या बाजूलाही होते. त्यांच्याच कंपन्यांकडे पेटंटे होती, आणि ट्विटरसारखी कंपनी खाली ओढण्याच्या कृतीवर प्रत्येकाकडून पट्टी वसूल करू शकली असती. ती वसुली सोडून दिली गेली, याला मी पुरावा मानते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१३ च्या अहवालातही याला आधार सापडतो. २००७ ते २०११ या काळात पेटंट दाव्यांतल्या प्रतिवादींची संख्या जी वाढली, त्या वाढीत सुमारे ८९ टक्के वाटा सॉफ्टवेअरशी संबंधित पेटंटांचा होता. त्याच अहवालाने हेही सांगितले की स्वतः काहीच न बनवणाऱ्या, केवळ पेटंटांवर जगणाऱ्या कंपन्यांचे दावे साधारण पाचवा हिस्साच होते, बाकीचे बहुतेक काही ना काही बनवणाऱ्यांनीच लावलेले. म्हणजे सगळा दोष काही लुटारूंवर ढकलून मोकळे होता येत नाही. पेटंटाची सीमारेषाच धूसर असेल तर सज्जन शेजारीही बांधावरून भांडतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पेटंट नसेल तर लहान संशोधकाला बलाढ्य कंपनी गिळून टाकील. कॅलिफोर्नियातली स्टॅक ही छोटी कंपनी संगणकाच्या डिस्कवर जास्त माहिती मावेल असे सॉफ्टवेअर करत होती. मायक्रोसॉफ्टने तिच्याशी परवान्याची बोलणी केली, ती फिसकटली आणि १९९३ मध्ये तशीच सोय मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये आली. पुढच्या वर्षी ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर देवविले. टोरंटोच्या आयफोरआय या कंपनीने तर वर्डमधल्या एका सोयीवरून मायक्रोसॉफ्टला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि २०११ मध्ये जिंकले. भरपाई सुमारे २९ कोटी डॉलर होती, आणि मायक्रोसॉफ्टला वर्डमधून ती सोय काढावी लागली. हे खटले पाहून पेटंट पूर्ण रद्द करा म्हणणाऱ्यांनी थबकायला हवे, आणि विल्सन यांच्या टोकाच्या मागणीपेक्षा बर्नहम यांची मवाळ मागणी मला पटते ती इथेच. बर्नहम म्हणाले होते की स्वतंत्रपणे शोध लावला हे सिद्ध करणाऱ्याला तो बचाव मिळावा. हा नियम लावून वरची दोन प्रकरणे पाहा. स्टॅकशी बोलणी झाल्याची नोंद होती, आयफोरआयचे उत्पादन मायक्रोसॉफ्टच्या लोकांना माहीत असल्याचे पुरावे होते. ‘आम्हाला आपोआप सुचले’ हे सिद्ध करणे मायक्रोसॉफ्टला अवघड गेले असते. कॅल्क्युलेटरवाल्या प्रोग्रामरला मात्र ते सहज जमले असते. ज्याने पाहून घेतले आणि ज्याला सुचले यांत फरक करणारा नियम लहान संशोधकाला उघडा पाडत नाही.

काही सॉफ्टवेअर खरोखर अलौकिक बुद्धीचे असते, ते आमटीतल्या आमसुलासारखे नसते, असा तिसरा आक्षेप. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणारी आरएसए ही पद्धत एमआयटीतल्या तिघांनी १९७७ मध्ये काढली आणि तिचे पेटंट २००० पर्यंत चालले. हे उदाहरण पेटंटाच्या बाजूचे सर्वांत मजबूत उदाहरण म्हणून दिले जाते. पण १९९७ मध्ये उघड झाले की ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातले गणिती क्लिफर्ड कॉक्स यांनी तत्त्वतः तीच पद्धत १९७३ मध्येच काढून ठेवली होती आणि गुप्ततेच्या शपथेमुळे ते बोलू शकले नव्हते. शतकातला एखादाच म्हणावा असा शोधही चार वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी लागला. याने एमआयटीच्या तिघांची थोरवी तसूभर कमी होत नाही. गणिताच्या वाटेने चालणारे लोक एकाच पाणवठ्यावर पोचतात, एवढेच त्यातून दिसते.

आणि ज्या साधनाने कचेऱ्यांचे जग बदलले ते तर पेटंटावाचूनच पसरले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरची पहिली आकडेवही काढली. एका चौकटीतला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, ही जादू लोकांनी प्रथम तिथे पाहिली. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे दुरापास्त होते. प्रकाशकाने वकिलाला विचारले तेव्हा शक्यता दहात एक, असे उत्तर आले आणि नाद सोडला गेला. १९८३ मध्ये मिच केपर यांचे लोटस १-२-३ आले, १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सेल. ब्रिकलिन मागे पडले, त्यांच्या कल्पनेची संपत्ती दुसऱ्यांकडे गेली, आणि हे नुकसान खरे आहे, ते नाकारू नये. पण दुसरी शक्यता तोलून पाहावी. पेटंट मिळाले असते तर त्या काळच्या नियमाप्रमाणे मंजुरीपासून १७ वर्षे, म्हणजे साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत, एका कंपनीच्या मर्जीवाचून कोणालाही आकडेवही लिहिता आली नसती. नंतर स्वतः गुंतवणूकदार झालेले केपर यांनी १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना सॉफ्टवेअर पेटंटांचा धोका सांगितला होता. कोणते अर्ज कार्यालयात पडून आहेत हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून प्रामाणिक माणूसही नकळत दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो, हा त्यांचा मुद्दा.

हे सगळे जुने झाले, न्यायालयांनी दुरुस्ती केली, असा शेवटचा आक्षेप आता ऐकू येतो. २०१४ च्या अ‍ॅलिस प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले की अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवून दाखवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर कितीतरी कमजोर पेटंटे कोसळली, आणि ते चांगलेच झाले. पण अमूर्त म्हणजे काय, याची व्याख्या न्यायालयाने दिली नाही, त्यामुळे उत्तर हवे तर खटला लढावा लागतो, आणि खटला लढणे हीच तर शिक्षा आहे. भारतात कायद्याने दुसरा रस्ता धरला. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’, म्हणजे निव्वळ, संगणक प्रोग्राम यांना शोध मानत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे दार किलकिले केले होते, २००५ मध्ये संसदेने ते पुन्हा लावून घेतले. त्या ‘पर से’ या दोन लॅटिन शब्दांच्या अर्थावरून पेटंट कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ ते २०१७ या काळात तीनदा बदलली, आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या प्रोग्रामांना वाट मोकळी ठेवली. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात बसणाऱ्या महानियंत्रकांच्या हाताखालचे अधिकारी ही रेषा दर अर्जामागे नव्याने ओढत असतात. ती फार सैल होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

स्वतंत्र शोधाचा बचाव अमेरिकेच्या कायद्यात अजून आलेला नाही. २०११ च्या सुधारणेने एवढेच दिले की पेटंटच्या अर्जाच्या किमान वर्षभर आधीपासून अमेरिकेत व्यापारी वापर करत असल्याचे दाखवता आले तर बचाव आहे. अर्जानंतर महिन्याभरात तीच गोष्ट ज्याला आपणहून सुचली, त्याच्या हाती अजूनही काही नाही. त्याची भिस्त दुसऱ्याच्या चांगुलपणावर, किंवा ट्विटरच्या करारासारख्या कागदावर. २०२२ मध्ये ट्विटर विकली गेली, नंतर तिचे नावही बदलले. ब्रिक्टरच्या त्या कृतीच्या पेटंटाचा अर्ज २०१० चा, म्हणजे कंपनी विकली गेली तेव्हा त्याची २० वर्षे भरलेली नव्हती. तो करार लिहिताना एक गोष्ट ध्यानात घेतली होती. पेटंट पुढे कोणाच्याही हाती गेले, तरी शोध लावणाऱ्याला दिलेले वचन त्या पेटंटाबरोबर नव्या मालकाकडे जाते आणि त्यालाही बांधते.